दैनंदिन वापराच्या दृष्टीने क्रॉसओव्हर व स्पोर्ट्स सेडान : एक तौलनिक विवेचन

प्रस्तावना :

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या जीवनात घरानंतरची मोठी खरेदी म्हणजे मोटारगाडी होय. ही खरेदी पुढील आठ-दहा वर्षांचा खर्च, सोय आणि सुरक्षितता निश्चित करते. २०२३-२४ या आर्थिक वर्षात भारतात विकल्या गेलेल्या सुमारे ४२ लाख प्रवासी वाहनांपैकी सुमारे २५ लाख वाहने 'उपयोगिता वाहने' या वर्गातील होती. क्रॉसओव्हर गाड्यांची गणना याच वर्गात होते. "आपल्या रस्त्यांना उंच गाडीच हवी" हे विधान आज जवळजवळ निर्विवाद मानले जाते. तथापि ही उंची गाडीच्या कोणत्या भागात असते आणि तिचा प्रत्यक्ष लाभ कोणता, याचा विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न भौतिकशास्त्रातील प्राथमिक तत्त्वांच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१) क्रॉसओव्हर व स्पोर्ट्स सेडान या संज्ञा स्पष्ट करणे.
२) समान इंजिन असलेल्या दोन गाड्यांच्या मोजमापांची तुलना करणे.
३) खड्डे, गतिरोधक, वळणे, इंधन व बैठक या निकषांवर दोहोंची उपयुक्तता तपासणे.

संज्ञांचे स्पष्टीकरण :

जुन्या धाटणीच्या जीपसदृश वाहनात मजबूत लोखंडी सांगाड्यावर स्वतंत्र बॉडी बसविलेली असते. क्रॉसओव्हरमध्ये असा वेगळा सांगाडा नसतो. तिची बॉडी व सांगाडा मोटारीप्रमाणेच एकसंध असतात, केवळ बाह्यरूप उंच असते. टोयोटा कंपनीची १९९४ मधील 'आरएव्ही४' ही या प्रकारातील आरंभीच्या गाड्यांपैकी एक होय. भारतात रेनॉ डस्टर (२०१२), फोर्ड इकोस्पोर्ट (२०१३) व ह्युंदाई क्रेटा (२०१५) या गाड्यांनी हा प्रकार घरोघरी पोहोचविला. याउलट, चार दरवाजे व स्वतंत्र डिकी असलेल्या कौटुंबिक गाडीला अधिक शक्तिशाली इंजिन आणि नेमके स्टिअरिंग यांची जोड दिली की तिला स्पोर्ट्स सेडान म्हटले जाते. या परंपरेचे मूळ बीएमडब्ल्यूच्या १९६२ मधील 'नॉय क्लासे' मालिकेत सापडते.

तुलनेसाठी निवडलेले उदाहरण :

दोन भिन्न कंपन्यांच्या गाड्यांची तुलना केल्यास फरक आकारामुळे पडला की इंजिनामुळे, हे सांगणे कठीण होते. म्हणून येथे फोक्सवॅगनच्या टायगुन (क्रॉसओव्हर, २०२१) व व्हर्टस (सेडान, २०२२) या गाड्यांच्या १.५ लिटर पेट्रोल आवृत्त्या निवडल्या आहेत. दोन्ही गाड्या पुणे जिल्ह्यातील चाकण येथील एकाच कारखान्यात, एकाच पायाभूत रचनेवर तयार झाल्या. दोहोंत १४९८ घनसेंटिमीटरचे, १५० अश्वशक्तीचे व २५० न्यूटन-मीटर टॉर्कचे टर्बो इंजिन आहे. व्हर्टसची ही आवृत्ती जागतिक अर्थाने पूर्ण स्पोर्ट्स सेडान नसली, तरी भारतीय मध्यमवर्गाच्या आवाक्यात ती त्या प्रकाराची जवळची प्रतिनिधी ठरते. बाजारात आल्या वेळची मोजमापे पुढीलप्रमाणे :

कोष्टक क्र. १ (अनुक्रमे टायगुन व व्हर्टस)
लांबी : ४२२१ मिमी, ४५६१ मिमी
उंची : १६१२ मिमी, १५०७ मिमी
दोन आसांमधील अंतर (व्हीलबेस) : दोहोंत २६५१ मिमी
ग्राउंड क्लिअरन्स (रिकाम्या गाडीचा) : १८८ मिमी, १७९ मिमी
डिकी : ३८५ लिटर, ५२१ लिटर

विवेचन :

१) उंची नेमकी कोठे आहे? कोष्टकावरून असे दिसते की, दोन गाड्यांच्या एकूण उंचीत १०५ मिमी फरक आहे. मात्र जमीन व गाडीचा तळ यांमधील अंतरात केवळ ९ मिमी फरक आहे. म्हणजेच वाढीव उंचीपैकी दशांशाहूनही कमी भाग तळाखाली असून उर्वरित सर्व उंची बैठक, खिडक्या व छत यांत विभागलेली आहे. ग्राहक ज्या कारणासाठी उंच गाडी घेतो, त्या कारणासाठी मिळणारी उंची एका बोटाच्या जाडीइतकीही नाही.

गतिरोधकाच्या संदर्भात हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद व १० सेंमी उंच असावा. अशा गतिरोधकावर २६५१ मिमी व्हीलबेसची गाडी मधोमध उभी राहिल्यास दोन्ही चाके गतिरोधकावरच असतात आणि चाकांच्या पातळीपासून मधला फुगवटा भूमितीनुसार सुमारे ५ सेंमी भरतो. तेव्हा मानक गतिरोधकावर दोन्ही गाड्यांचा तळ घासण्याचे कारण नाही. अडचण येते ती रस्त्यावर मनमानीने उभारलेल्या अरुंद व उंच उंचवट्यांची. तेथे पाच माणसे व सामान यांच्या भाराने स्प्रिंग काही सेंटिमीटर दबतात आणि हे दबणे ९ मिमीच्या फरकाहून कितीतरी मोठे असते. भरलेली क्रॉसओव्हर रिकाम्या सेडानपेक्षा खाली बसते, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

तथापि एका बाबतीत क्रॉसओव्हर निश्चितपणे वरचढ आहे. व्हीलबेस समान असल्याने सेडानची ३४० मिमी वाढीव लांबी चाकांच्या पुढे व मागे, मुख्यतः डिकीकडे, पसरलेली आहे. त्यामुळे तळघरातील पार्किंगचा तीव्र उतार उतरताना वा चढताना सेडानचे टोक घासण्याची शक्यता अधिक असते. तसेच अरुंद गल्लीत गाडी उभी करताना हा एक फुटाहून अधिक फरक रोज जाणवतो.

२) वळणावरील स्थैर्य : वळणावर गाडीवर येणारे पार्श्वीय त्वरण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० मीटर त्रिज्येच्या घाटवळणावर ताशी ४० किमी वेगाने ते गुरुत्वत्वरणाच्या सुमारे पाव पट असते. ताशी ६० किमी वेगाने ते निम्म्याहून अधिक होते. गुरुत्वमध्य जितका उंच, तितकी गाडी अधिक कलते. सेडानचा गुरुत्वमध्य खाली असल्याने ती कमी कलते व चालकाला अधिक विश्वास देते. गाडी उलटण्याची प्रवृत्ती मोजण्यासाठी दोन चाकांमधील आडव्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागतात. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनानुसार हे गुणोत्तर सर्वसाधारण मोटारींत १.३ ते १.५, तर उंच वाहनांत १.० ते १.३ या दरम्यान आढळते. तरीही वेग ४० वरून ६० वर नेल्यास बल सव्वादोन पट होते. अर्थात, घाटात गाडीच्या प्रकारापेक्षा चालकाचा संयम अधिक निर्णायक ठरतो.

३) वातरोध व इंधन : हवेचा रोधही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शहरातील ताशी ५० किमीच्या तुलनेत द्रुतगती मार्गावरील ताशी १०० किमी वेगाला तो चौपट असतो. समोरचे क्षेत्रफळ मोठे असल्याने क्रॉसओव्हरला येथे अधिक किंमत मोजावी लागते. बाजारात आल्या वेळी स्वयंचलित गिअरच्या आवृत्तीची प्रमाणित इंधनक्षमता व्हर्टससाठी लिटरमागे १८.६७ किमी व टायगुनसाठी १७.८८ किमी होती. वर्षाला १२,००० किमी प्रवास गृहीत धरल्यास हा फरक सुमारे २८ लिटर पेट्रोलचा येतो. केवळ या बचतीसाठी गाडीचा प्रकार बदलावा, इतका तो मोठा नाही; परंतु महामार्गावर सातत्याने प्रवास करणाऱ्याच्या बाबतीत तो वाढत जातो.

४) बैठक व सामान : क्रॉसओव्हरच्या उंचीचा खरा लाभ येथे आहे. गुडघेदुखी असलेल्या वृद्ध व्यक्तीला खोल बैठकीत उतरणे व तेथून उठणे त्रासदायक असते. उंच बैठकीत केवळ सरकून बसता येते. चालकालाही वाहतुकीत पुढचे अधिक दिसते. मात्र गाडीच्या अगदी निकटच्या, विशेषतः मागील बाजूच्या, लहान मुलासारख्या ठेंगण्या गोष्टी उंच गाडीतून कमी दिसतात, हेही विसरता कामा नये. सामानाच्या बाबतीत सेडानची डिकी १३६ लिटरने मोठी आहे.

५) सुरक्षितता व कर : उंच गाडी अधिक सुरक्षित, असा एक समज आहे. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत टायगुनला २०२२ मध्ये व व्हर्टसला २०२३ मध्ये प्रौढ व बालक या दोन्ही प्रवासीगटांसाठी पाच तारे मिळाले. म्हणजे संरक्षण रचनेच्या गुणवत्तेतून येते. त्यासाठी उंची पुरेशी वा आवश्यक नाही. करातही भेद नाही. इंजिन १५०० घनसेंटिमीटरच्या आत असल्याने दोहोंवर उपकरासह ४५ टक्के कर होता. सप्टेंबर २०२५ मधील फेररचनेनंतर तो दोहोंवर सारखाच, ४० टक्के झाला.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, क्रॉसओव्हर व सेडान यांतील निवड ही मुख्यतः रस्त्याची नसून बैठकीची निवड आहे. ज्या घरात वृद्ध माणसे नित्य गाडीने जातात, पार्किंगची जागा तोकडी व उतार तीव्र आहे, तेथे क्रॉसओव्हर योग्य ठरते. ज्यांचा प्रवास महामार्गाचा व घाटाचा आहे, सामान अधिक असते आणि चालविण्यातील आनंदालाही मोल आहे, त्यांनी केवळ खड्ड्यांच्या भीतीने सेडान नाकारण्याचे कारण नाही. खरेदीपूर्वी गाडी एकट्याने चालवून पाहण्याऐवजी घरातील सर्व माणसांसह, रोजच्या वाटेवरील सर्वांत वाईट गतिरोधकावरून व सोसायटीच्या उतारावरून नेऊन पाहावी. घरातील ज्येष्ठ व्यक्तीला मागील आसनावर दोनदा बसवून उतरवावे. गाडी आपल्या उपयोगाची आहे की नाही, याचा निर्णय कोणत्याही जाहिरातीपेक्षा या अर्ध्या तासात अधिक विश्वासार्हपणे होतो.