मुकुट नव्हे, रत्नांची टोपी!

राणीचा मुकुट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? टोकदार कंगोरे आणि मधोमध भलामोठा हिरा! आता चला सिसिलीतल्या पालेर्मोला. तिथल्या कॅथेड्रलच्या खजिन्यात राणी कॉन्स्टन्सचा मुकुट आहे आणि तो चक्क टोपीच्या आकाराचा आहे. टोपी घालावी तर अशी!

माहीत आहे का, हा मुकुट सापडला कुठे? थेट थडग्यात! स्पेनमधल्या अरागॉनची ही राजकन्या १२२२ मध्ये वारली. १४९१ मध्ये तिचं थडगं उघडलं गेलं आणि तब्बल २६९ वर्षांनी मुकुटाने पुन्हा उजेड पाहिला.

आणि शवपेटी? सेकंडहँड! कित्येक शतकं आधीची रोमन संगमरवरी पेटी, तीही शिकारीच्या देखाव्याने कोरलेली. राणीच्या अंत्यसंस्काराला व्हिंटेज टच!

आता लग्नाची गोष्ट. १२०९ मध्ये नवरदेव, सिसिलीचा राजा फ्रेडरिक दुसरा, होता अवघा १४ वर्षांचा, नवरी तिशीच्या घरातली! पुढे हाच फ्रेडरिक पवित्र रोमन सम्राट झाला. तो जर्मनीत मोहिमेवर गेला, तेव्हा सिसिलीचा कारभार बाईंनीच सांभाळला. फुल पॉवर!

मुकुट आणि ही राणी, जुनं नातं बरं का! तिचा पहिला नवरा हंगेरीचा राजा. तो गेल्यावर सत्तेचा झगडा पेटला, तेव्हा चिमुकल्या राजपुत्राला घेऊन ती व्हिएन्नाला निघून गेली. सोबत काय नेलं? हंगेरीचा राजमुकुट! पण १२०५ मध्ये ते पोरही गेलं. मुकुट होता, पण ज्याच्या डोक्यावर शोभायचा ते डोकंच उरलं नाही.

आता पालेर्मोच्या मुकुटावर जरा झूम करा. माथ्यावर सोन्याच्या पट्ट्या एकमेकींना छेदतात. कडेने बारीक मोत्यांच्या सरी, सोन्याच्या तारेची नाजूक नक्षी, मध्ये लाल-निळे खडे. दोन्ही बाजूंना, कानांच्या वरून लोंबणारे मीनाकारीचे लोलक. थेट मुंडावळ्याच म्हणा ना!

ही स्टाईल आली कुठून? कॉन्स्टँटिनोपलहून! तिथल्या बायझंटाईन सम्राटांचा मुकुट असाच टोपीसारखा गच्च बसायचा. तिथली राजकन्या ॲना कोम्नेने हिने बाराव्या शतकात त्याचं वर्णन करून ठेवलंय: अर्धगोल, रत्नजडित, गालांना स्पर्श करणाऱ्या मोत्यांच्या लडींचा. फॅशन रिपोर्टर नंबर वन!

माहीत आहे का, पालेर्मोचे नॉर्मन राजे या फॅशनचे आधीपासूनच फॅन होते? फ्रेडरिकचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, रॉजर दुसरा. इथल्या मार्तोराना चर्चमधल्या मोझेइकमध्ये खुद्द येशू त्यांना मुकुट घालतोय. आणि राजाचा पोशाख? अगदी बायझंटाईन सम्राटाचा!

थांबा, खरा ट्विस्ट पुढे आहे. ख्रिस्ती राणीच्या या मुकुटातल्या एका लाल खड्यावर अरबी अक्षरं कोरलेली आहेत! घाट बायझंटाईन, अक्षरं अरबी, राणी स्पेनची, कारागिरी पालेर्मोच्या राजवाड्यातल्या कारखान्याची. त्याच कारखान्यातून रॉजरचा जरतारी झगाही निघाला. त्यावर अरबी मजकूर आहे, वर्षही हिजरी, ५२८!

शेवटचं कोडं. मुकुट खरंच राणीचा? योझेफ देएर या अभ्यासकाचं म्हणणं, ही घडण पुरुषाच्या मुकुटाची, म्हणजे तो खुद्द फ्रेडरिकचाच असावा. तसं असेल तर नवऱ्याने बायकोला दिलेली ही शेवटची भेट. याहून महागडं ‘आय लव्ह यू’ सांगा पाहू!

पालेर्मोचा हा अरब-नॉर्मन वारसा २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. कधी गेलात, तर कॅथेड्रल बाहेरून पाहून सेल्फी काढून परतू नका. आत जा, खजिन्याचं तिकीट काढा आणि तो अरबी अक्षरांचा लाल खडा नक्की शोधा!