पाळी सुटल्यावरचा उजेड

चाकण एमआयडीसीत दुसरी पाळी सुटते तेव्हा मध्यरात्र जवळ आलेली असते. बस तळेगाव-चाकण रस्त्यावर सोडते. पुढे खोलीपर्यंतच्या वाटेवर, पावसाळ्यात, कुठला खड्डा किती खोल हे मोबाइलच्या उजेडात नीट कळत नाही. तिथे वीतभरही नसलेली चार्जिंगची टॉर्च कामाला येते. जुनी मंडळी तिला अजून ‘बॅटरी’च म्हणतात.

घेताना आकड्यांना भुलू नये. अशा अनेक टॉर्चमध्ये १८६५० हा लिथियम-आयन सेल असतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. चांगल्यात चांगला सेलही साधारण ३५०० एमएएचच्या आसपास थांबतो. त्यावर ९९०० छापलेले दिसले, तर ती शुद्ध थाप.

चालायला १०० ल्युमेन पुष्कळ. झोत मात्र पसरट हवा. पायाखालचं दिसायला हवं, समोरची टेकडी नव्हे.

आयपीएक्स४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारी. आयपी६७ असेल तर मीटरभर पाण्यातही अर्धा तास तग धरते.

दुचाकीच्या डिकीत ती उन्हात तापत ठेवू नका. आवरण फाटलेला किंवा चेपलेला सेल चार्जिंगला लावूच नका, ई-कचऱ्यात द्या.