तासलेला डोंगर

मध्ययुगीन दुर्ग आणि डोंगरमाथ्यावरची तटबंद गावे पाहण्याच्या ओढीने फ्रान्सच्या ग्रामभागात जाणारा मराठी प्रवासी आता दुर्मीळ राहिलेला नाही. कार्कासोनचा दुहेरी तट, सीन नदीच्या वळणावरचा शातो गायार, तुलूझच्या काउंटाने 1222 मध्ये टेकडीवर वसविलेले कोर्द, यांची वर्णने ऐकताना आनंदच होतो. परंतु औरंगाबादच्या गारखेड्यात राहणाऱ्या आणि छावणी, मिटमिटा मागे टाकताच देवगिरीचा एकाकी डोंगर समोर पाहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या मनात त्याच वेळी एक खंतही दाटून येते. ज्या जिज्ञासेने आपण तिथल्या प्रत्येक जंगीची आणि बुरुजाची चौकशी करतो, तिचा शतांशही आपल्या दाराशी असलेल्या या दुर्गाच्या वाट्याला येत नाही. मेंढा तोफ पाहिली, अंधारीत एकदा आरोळी ठोकली, पायथ्याशी सीताफळे घेतली, की आपली देवगिरीची यात्रा संपते.

शातो गायार सिंहहृदयी रिचर्डने 1196 ते 1198 या अवघ्या दोन वर्षांत बांधून घेतला. भिल्लम यादवाने देवगिरीला राजधानी वसविली ती इ. स. 1187 च्या सुमारास, म्हणजे हे दोन्ही दुर्ग एका पिढीचे होत. तिकडच्या स्थपतीपुढे खडूच्या दगडाची टेकडी होती. तिच्यावर त्याने चिऱ्यावर चिरा चढवून तट उंच केला. इकडे सह्याद्रीच्या अजिंठा-सातमाळा रांगेपासून सुटलेला, लाव्हाच्या थरांनी घडलेला, पठारापासून सुमारे सहाशे फूट उंच असा डोंगर होता, आणि त्याच्या पायाला सर्व बाजूंनी छिन्नी लावून शे-दीडशे फुटांचा उभा कडा निर्माण करण्यात आला. उसाचे कांडे तासावे तसा हा डोंगर तासलेला आहे. एरवी दुर्ग बांधायचा म्हणजे दगड आणून रचायचा; येथे बालेकिल्ल्याचे मुख्य सामर्थ्य दगड काढून टाकण्यात आहे, आणि माझ्या मते देवगिरीचे सारे वैशिष्ट्य या एका गोष्टीत साठवलेले आहे.

हे तासकाम कोणत्या राजवटीतले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र चौदाव्या शतकाच्या मध्यास येथून गेलेल्या इब्न बतूताने, मैदानात उभा असलेला खडक तासून त्याच्या माथ्यावर किल्ला बांधला आहे आणि तेथे चढण्यासाठी असलेली कातड्याची शिडी रात्री वर ओढून घेतात, असे स्वच्छ लिहून ठेवले आहे. म्हणजे महंमद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीची राजधानी येथे आणून या स्थळाला दौलताबाद हे नाव दिले, त्यानंतर दीड-दोन दशकांच्या आत हा कडा आजच्यासारखा उभा होता. इतके प्रचंड काम त्या धामधुमीच्या अल्पावधीत समूळ उरकले गेले असेल, हे मला संभवनीय वाटत नाही. त्याचा आरंभ यादवांच्या पाथरवटांनी केला असावा, या मताकडे माझा कल आहे. त्याला आणखी एक कारण आहे. घाट चढून थोडे पुढे गेले की वेरूळ लागते, आणि तेथे आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळी कैलास लेणे शिखरापासून पायाकडे कोरून काढलेले आहे. देवगिरीच्या अंगावरही काही जुनी लेणी आहेत. ज्या प्रदेशातील कारागिरांना डोंगरातून देवालय मोकळे करण्याची विद्या अवगत होती, त्यांच्या वंशजांना डोंगरातून दुर्ग मोकळा करण्याची कल्पना सुचणे अगदी स्वाभाविक होते.

म्हणून जाणाऱ्याने खंदकाच्या काठावर थोडा वेळ थांबावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पाण्याच्या पातळीपासून नजर हळूहळू वर न्यावी. कातळावर टाकीचे घाव दिसतात. सकाळचे ऊन तिरपे पडले असता ते अधिकच उठून दिसतात. पाय ठेवण्याजोगी एकही कंगोऱ्याची जागा या पृष्ठावर जाणून राहू दिलेली नाही. आजच्या लोखंडी पुलाखाली जुना दगडी पूल आहे, त्याचा मधला भाग मुद्दाम खोलगट ठेवलेला. खंदकातील पाणी वाढवले की तो बुडून जाई आणि बालेकिल्ला बेटासारखा तुटे. पुढे अंधारी. डोंगराच्या पोटातून वळत जाणारा हा पायऱ्यांचा बोगदा. त्याच्या वरच्या तोंडावर लोखंडी झाकण, आणि तेथे शेगडी पेटवून खालून येणाऱ्या शत्रूला धुराने कोंडण्याची व्यवस्था. चढणाऱ्याला आपण कोठे वळलो हे कळत नाही. रक्षकाला मात्र प्रत्येक वळण तोंडपाठ.

असा हा दुर्ग तरीही पडला, आणि एकापेक्षा अधिक वेळा पडला. त्याच्या पतनाचे वृत्तान्त एकापुढे एक ठेवून वाचावेत. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खलजी अकस्मात चालून आला तेव्हा युवराज शंकरदेव फौजेसह बाहेर होता. गडावर घाईने चढविलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, आणि रामदेवरायाला तह करणे भाग पडले, असे फिरिश्ता सांगतो. 1633 मध्ये मोगल सरदार महाबतखानाने वेढा घातला. सुरुंगांनी बाहेरचे अंबरकोट आणि महाकोट फोडले गेले, शहाजीराजे आणि आदिलशाही सरदार रणदुल्लाखान यांनी रसद पोहोचविण्याची शिकस्त केली. पण आत उपासमार आणि रोगराई वाढली, तेव्हा मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान याने जूनमध्ये किल्ला स्वाधीन केला. तासलेला कडा चढून कोणी शत्रू आत आला, असे दोन्ही प्रसंगी घडले नाही. शातो गायारची कथाही फार निराळी नाही: फ्रान्सच्या फिलिप राजाने तो 1203-04 च्या हिवाळ्यात वेढला, आश्रयाला आलेल्या गावकऱ्यांना किल्लेदाराने अन्न पुरेना म्हणून बाहेर काढले, ती माणसे दोन फौजांच्या मधोमध उपाशी तडफडली, आणि मार्चमध्ये गड पडला. गडाचे आयुष्य तटाइतकेच कोठारावर आणि हिशेबावर अवलंबून असते.

हिशेबाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. मराठी मनाला देवगिरी ज्या कारणाने जवळचा वाटावा, ते कारण राजे-सुलतानांच्या यादीबाहेरचे आहे. निजामशाहीत येथे किल्लेदारीवर असलेले जनार्दनस्वामी हे संत एकनाथांचे गुरू. आणि पैठणहून आलेले बाल एकनाथ त्यांच्यापाशी राहून दप्तराचे काम पाहत. जमाखर्चात एका पैची चूक सापडेना म्हणून ते रात्रभर दिव्यापाशी जागले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठले, ही आख्यायिका आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. शिबंदीचे रोजमुरे, दारूगोळा, धान्याची आवक-जावक यांच्या फर्दांवर ज्या हातांनी आकडे मांडले, त्याच हातांनी पुढे भागवतावर टीका लिहिली. स्वामींच्या पादुकांची गुहा गडावर आहे. चढून दमलेले शेकडो लोक तिच्याजवळून जातात. त्यांतल्या किती जणांना एकनाथ आठवतात, कोण जाणे.

दुर्ग पाहून परत फिरणे ही दुसरी उणीव. फ्रान्समध्ये गड आणि गाव एकत्र पाहतात. येथेही गाव आहे, मात्र ते घाटावर आहे. दौलताबादहून वर चढणारा रस्ता बाहेरच्या तटाच्या दरवाजातूनच जातो. पालख्या आणि हत्ती यांच्या मापाने बांधलेल्या त्या कमानीत आज एस. टी. आणि मालमोटारी अंग चोरून शिरतात आणि सुटीच्या दिवशी दोन्हीकडे वाहनांच्या रांगा लागतात. पुढे हाताने कागद करणाऱ्यांचे कागजीपुरा, आणि त्यापुढे डोंगरमाथ्यावर तटाने वेढलेले खुलताबाद. औरंगजेबाने बांधविलेला हा तट, त्याचे नगारखाना, पांगरा, लंगडा आदी दरवाजे, आत बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे, औरंगजेबाची स्वतःची उघड्यावरची साधी कबर, पहिल्या निजामाची कबर. आणि गावाच्या परिसरात मलिक अंबरचा मकबरा व देवगिरीच्या चिनी महालात कैदेत दिवस काढलेल्या गोवळकोंड्याच्या शेवटच्या सुलतानाचे, तानाशाहाचे, दफनस्थान. खाली दुर्ग, वर गाव, मध्ये घाट: हे एकच स्थळ आहे असे मानून पाहिल्याशिवाय दोहोंतील एकही कळत नाही. ज्यां द तेव्हनो या फ्रेंच प्रवाशाने, ज्याचा जन्म योगायोगाने दौलताबाद मोगलांकडे गेला त्याच 1633 सालचा, औरंगाबाद, दौलताबाद आणि वेरूळ हा सारा मुलूख एका ओघात पाहिला आणि लिहून ठेवला.

कार्कासोनला बावन्न बुरूज सांगतात; आमच्या शहरालाही बावन्न दरवाजे सांगत आले आहेत. मलिक अंबरने 1612 मध्ये उभारलेला भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा, पैठण, मक्का, रोशन, रंगीन असे थोडके आज उभे आहेत. बाकीचे बहुतेक नावापुरते. 1849 मध्ये फ्रेंच सरकारने कार्कासोनचा तट पाडून टाकण्याचे ठरविले होते. गावातील इतिहासप्रेमी क्रो-मायरव्हिएय आणि स्मारकांचे निरीक्षक प्रोस्पेर मेरिमे यांनी उठविलेल्या आवाजामुळे तो हुकूम मागे घेण्यात आला, आणि 1853 पासून व्हिओले-ल्-द्युकने जीर्णोद्धार हाती घेतला. त्याने बुरुजांवर चढविलेली टोकदार पाटीच्या दगडाची छपरे दक्षिणेच्या परंपरेला धरून नाहीत, ही टीका तेव्हापासून होत आली आहे व ती मला रास्त वाटते. तथापि काम सुरू करण्यापूर्वी त्याने तटाची तपशीलवार मोजणी करून आराखडे काढले होते, ही गोष्ट आपण उचलण्याजोगी आहे. खुलताबादच्या तटाची आणि प्रत्येक दरवाजाची अशी मोजणी, नकाशे आणि छायाचित्रे यांसह, नव्याने व्हावी. दरवाजांची नावे आणि त्यांच्याशी निगडित आठवणी तेथील वृद्धांकडून लिहून घ्याव्यात. आणि इतिहास किंवा स्थापत्य शिकणाऱ्या आमच्या शहरातील विद्यार्थ्यांना एक हिवाळा या कामावर लावावे. गारखेड्यातून सकाळी निघालेला विद्यार्थी दुपारच्या आत पांगरा दरवाजाच्या कमानीला मोजपट्टी लावू शकतो.