घरकुल लहान असलं तरी सोपा सोडू नका

शिवाजी पेठेतल्या जुन्या कौलारू घरात शिरलं की आधी सोपा लागतो. पाहुणा तिथंच बसतो, चहा तिथंच येतो. आत माजघर, मग स्वयंपाकघर, मागे परडं. बाहेरचं कुणी आलं तरी घरातल्या बायकांचा वावर अडत नाही, पडदा आपोआप राहतो.

पेठेत राहणाऱ्या कितीतरी जणांचे भाऊबंद करवीर, पन्हाळा, शिरोळच्या गावांत आहेत. तिथं घरकुल बांधताना मात्र पहिल्यांदा सोपाच कापला जातो आणि दार थेट चुलीसमोर उघडतं.

प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही हप्त्याहप्त्याने. शौचालयाचे १२ हजार वेगळे. देशपातळीवर १५ टक्के उद्दिष्ट अल्पसंख्याकांसाठी ठेवलेलं आहे. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं हवं, स्वयंपाकाची जागा धरून. यात ठेकेदार नेमायचा नसतो, घर कुटुंबानेच बांधून घ्यायचं असतं. म्हणजेच नकाशा आपल्या हातात आहे.

१२ बाय २३ फुटांतही जुनी रचना बसते: पुढे ६ फुटांचा सोपा, मध्ये १० फुटांची खोली, मागे ७ फुटांचं स्वयंपाकघर. तिन्ही दारं एका रेषेत ठेवू नका, म्हणजे सोप्यातून आतलं दिसणार नाही. रात्री सोप्यात दोघं झोपतात, नमाजलाही तिथं जागा होते. कोल्हापुरातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. म्हणून शौचालयाचं भांडं दक्षिणोत्तर बसवा. हे गवंड्याला आधीच सांगा, नंतर फोडाफोड महाग पडते.

बांधकाम गावाप्रमाणे बदलतं. पन्हाळ्याच्या पश्चिमेला पाऊस जास्त, तिथं उतरतं छप्पर आणि लांब पागोळ्या भिंत वाचवतात. जवळ जांभा मिळत असेल तर विटांआधी त्याचा भाव विचारा. शिरोळची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मग भिंतींना तडे जातात. तिथं पाया मुरुमापर्यंत न्या. २०१९ आणि २०२१ चा पूर आठवून जोतं उंच घ्या. मोठा पूर जोत्याने अडत नाही, म्हणून धान्य आणि कागदपत्रांसाठी माळा ठेवाच.

पहिला हप्ता येण्याआधी घरातल्या बायकांना सोबत घेऊन जागेवर फक्कीने नकाशा आखा. चूल कुठं, दार कुठं, हे त्यांनाच विचारा. फक्कीची रेघ पुसता येते, भिंत नाही.