संदर्भनोंदींचा संग्रह : संगणकावर की संकेतस्थळावर?

प्रबंधासाठी लागणाऱ्या संदर्भनोंदी पूर्वी कार्डांवर लिहिल्या जात, आणि त्या कोठे ठेवाव्यात हा प्रश्न एका खोक्याने सुटत असे. संदर्भ-व्यवस्थापक सॉफ्टवेअरमुळे तो नव्याने उपस्थित झाला आहे. कारण झोटेरो, एंडनोट यांसारखी साधने डेस्कटॉप व वेब अशा दोन्ही रूपांत मिळतात.

बीबी (तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा) येथे राहून वऱ्हाडी बोलीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण घ्यावे. त्याच्या संग्रहात दोन जातींच्या नोंदी येतात. इंग्रजी नियतकालिकांतील अलीकडच्या लेखांना बहुधा डीओआय क्रमांक असतो. तो दिला की नोंद आपोआप भरली जाते, व हरवली तरी पुन्हा मिळते. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेल्या 'लीळाचरित्रा'ची (१९७८) नोंद मात्र हातानेच नीट करून घ्यावी लागते. म्हाइंभटांना आडनाव नाही, म्हणून त्यांच्या नावासाठी झोटेरोतील एकेरी रकाना निवडावयाचा. कोलते यांचे नाव दोन रकान्यांत, आणि तेही संपादक म्हणून. येथे चूक झाली की सूचीचा अकारविल्हे क्रमच बिघडतो. अशा दोनशे नोंदींमागील श्रम पुन्हा कोण करणार? निवड करताना हाच विचार प्रथम व्हावा.

झोटेरोची डेस्कटॉप आवृत्ती नोंदी अभ्यासकाच्या संगणकावर ठेवते, इंटरनेटवाचून चालते, आणि वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये तळटिपा घालण्याचे काम तिच्याकडूनच होते. वेब आवृत्तीत नोंदी पाहता व सुधारता येतात. ग्रंथालयातील सामाईक संगणकावर बसणाऱ्यास ती सोयीची. परंतु गूगल डॉक्स स्वतः वेबवर असूनही त्यात झोटेरोचे संदर्भ घालण्यासाठी डेस्कटॉप आवृत्ती चालू असावी लागते, हे पुष्कळांच्या ध्यानी उशिरा येते.

म्हणून मूळ संग्रह स्वतःच्या संगणकावर व वेबवर त्याची प्रत, ही व्यवस्था अधिक युक्त होय. अर्थात डेस्कटॉप म्हणजे चिरस्थायी असेही नव्हे. सप्टेंबर २०२२ पासून जुने मेंडेले डेस्कटॉप नव्याने उतरवून घेता येईनासे झाले. शिवाय समक्रमण म्हणजे जतन नव्हे : एकीकडे चुकून खोडलेली नोंद दुसरीकडूनही नाहीशी होते. नोंदींच्या समक्रमणास शुल्क नाही, पण जोडलेल्या पीडीएफसाठी विनामूल्य जागा ३०० एमबी एवढीच, आणि स्कॅन केलेले मराठी ग्रंथ तीत फार मावत नाहीत. ते पेनड्राइव्हवर ठेवावेत. झोटेरो बंद करून त्याचे संपूर्ण फोल्डरही महिन्यातून एकदा तेथेच उतरवून घ्यावे.