सृष्टीचा जमाखर्च

ज्या घरांत दोन्ही वेळां वीस-पंचवीस पानें मांडलीं जातात, त्या घरची कोठी कोणातरी एका माणसाच्या नजरेखालीं असावी लागते. तांदूळ किती उरले, बेगमीचें लोणचें किती संपलें, तूप सणापर्यंत पुरेल कीं नाहीं, हें सारें त्या माणसाला ठाऊक असतें. म्हणून घर चालतें. आतां वाचकांनीं अशी कल्पना करावी कीं, वाडा एकच आहे, पण त्यांत बिऱ्हाडें १९६ आहेत. प्रत्येकाची चूल वेगळी, कोठी वेगळी व कुलूपहि वेगळें. विहीर मात्र सर्वांची एक. अशा वाड्यांत कोणाच्या कोठींत काय उरलें आहे व पुढें काय पुरवून वापरावें लागेल, याचा हिशेब कोणीं ठेवावा? आणि ठेवावयाचा म्हटलें तरी तो कोणत्या अधिकारानें?

हा प्रश्न काल्पनिक नाहीं. ५ जून १९९२ रोजीं ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथें भरलेल्या परिषदेंत जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार सह्यांसाठीं खुला झाला व २९ डिसेंबर १९९३ पासून तो अंमलांत आला. भारतानें १९९४ च्या फेब्रुवारींत त्यास मंजुरी दिली. १९५ राष्ट्रें व युरोपीय संघ असे १९६ पक्ष या कराराचे सभासद झाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं १९९३ सालीं सही केली, परंतु करार मंजूर मात्र केला नाहीं.

‘जैवविविधता’ हा शब्द कानावर पडला कीं डोळ्यांपुढें वाघ आणि हत्ती उभे राहतात. पण मावळांतला आंबेमोहोर, कोंकणांतल्या परसांतील रायवळ आंब्याचे नाना प्रकार, मातींतील डोळ्यांना न दिसणारे जीव, फळधारणा घडवून आणणाऱ्या मधमाशा, देवराईंतील जुने वेल, हें सारें त्या एका शब्दांत येतें. आपल्या ताटांतील अन्नाचा व औषधाच्या बटव्याचा आधार तोच आहे. तेव्हां हा हिशेब जंगलखात्यापुरता नसून तुमच्या-आमच्या स्वयंपाकघराचाहि आहे.

दोन कलमें

या करारांत पुष्कळ कलमें आहेत. त्यांपैकीं दोन येथें लक्षांत ठेवलीं म्हणजे पुरे. सहाव्या कलमानें प्रत्येक राष्ट्रानें आपल्या सजीव संपत्तीच्या रक्षणाचा व योग्य वापराचा आराखडा तयार केला पाहिजे. सव्विसाव्या कलमानें त्यानें त्याप्रमाणें काय केलें, याचा अहवाल ठराविक मुदतीनें सर्वांपुढें ठेवला पाहिजे. एक अंदाजपत्रक, दुसरा जमाखर्च. पहिल्या अहवालांची मुदत १९९८ च्या प्रारंभीं होती. सहाव्याची २०१८ च्या अखेरीस होती. सातव्यासाठीं २८ फेब्रुवारी २०२६ ही तारीख ठरविण्यांत आली.

मात्र आराखडा न करणाऱ्यास दंड नाहीं, आणि अहवाल न पाठविणाऱ्यास शिक्षा नाहीं. इतकेंच नव्हे, तर प्रत्येक राष्ट्राचा आपल्या जैविक संपत्तीवरील सार्वभौम हक्क या करारानेंच मान्य केला आहे. शिवाय विसाव्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, विकसनशील राष्ट्रें आपलीं कर्तव्यें कितपत पार पाडतील, हें श्रीमंत राष्ट्रें पैशाचें आपलें वचन कितपत पाळतात यावर अवलंबून राहील. गरिबांच्या घरीं झाडझूड करून घ्यावयाची, तर केरसुणीचा खर्च ज्यांच्याजवळ आहे त्यांनीं द्यावा, असा हा न्याय आहे.

कारभारी आहे, किल्ल्या नाहींत

या न्यायाला अनुसरून मदतीचा एक मोठा कार्यक्रम उभा राहिला. पैसा येतो तो १९९१ सालीं स्थापन झालेल्या जागतिक पर्यावरण निधींतून. तो राष्ट्रांपर्यंत पोंचविण्याचें काम मुख्यत्वें संयुक्त राष्ट्रसंघाच्या दोन शाखा करतात. एक न्यूयॉर्क येथील विकास कार्यक्रम, दुसरी नैरोबी येथील पर्यावरण कार्यक्रम. कराराचें सचिवालय कॅनडांत माँट्रियल येथें आहे. २०१२ सालीं आपल्या हैदराबाद शहरीं सभासद राष्ट्रांची अकरावी परिषद भरली, त्या वेळीं या संस्थांनीं राष्ट्रांच्या आराखडेकारांना एकमेकांचे अनुभव विचारतां यावेत म्हणून एक सामाईक व्यासपीठहि सुरू केलें.

अशा कार्यक्रमाच्या व्यवस्थापकाचें काम बाहेरून भपकेदार दिसलें, तरी त्याचा दिवस बहुधा कारकुनी कटकटींत जातो. प्रत्येक राष्ट्राशीं करारपत्र करावयाचें. हप्त्याहप्त्यानें पैसा सोडावयाचा. मागील हप्त्याचा हिशेब आल्यावांचून पुढील हप्ता जाऊं द्यावयाचा नाहीं. आणि हिशेब कां आला नाहीं म्हणून विचारावें, तर तेथील मंत्रिमंडळच बदललेलें असतें. ज्याच्याशीं वर्षभर पत्रव्यवहार केला तो अधिकारी दुसऱ्या खात्यांत गेलेला असतो, व नवा अधिकारी पहिल्यापासून विचारूं लागतो. मसुदे आले कीं ते दुसऱ्या देशांतील जाणकारांकडून तपासून घ्यावयाचे; नकाशे व आंकडे ज्यांच्याजवळ नाहींत त्यांना ते पुरवावयाचे. यासाठींच २०१८ सालीं या संस्थांनीं जगाच्या भूपृष्ठाचे व सजीवसृष्टीचे नकाशे कोणासहि विनामूल्य पाहतां येतील अशी संगणकीय सोय केली.

त्यांतहि सर्व राष्ट्रें सारखीं नाहींत. ब्राझीलसारख्या देशांत शेंकडों शास्त्रज्ञ आहेत. पण पॅसिफिक महासागरांतील नीउए बेटाची सारी वस्तीच दोन हजारांच्या आंत आहे. अशा ठिकाणीं हवामानाचा करार, वाळवंटीकरणाचा करार व हा करार, या तिहींचें टपाल एकाच टेबलावर येऊन पडतें. तेथील अधिकाऱ्याचा अहवाल उशिरां आला, तर तो आळस नव्हे. उलट एखाद्या सधन राष्ट्राचा अहवाल वेळेवर व गुळगुळीत कागदावर आला, तर ती कळकळच असेल असेंहि नाहीं. हा भेद ओळखणें हीच व्यवस्थापकाची खरी परीक्षा होय. कारण तो कारभारी खरा, परंतु कोठीच्या किल्ल्या त्याच्याजवळ नाहींत. तो आठवण देऊं शकतो, मदत करूं शकतो, चांगल्या बिऱ्हाडाचें उदाहरण सांगूं शकतो. आज्ञा करूं शकत नाहीं.

१७० आराखडे आणि एक शून्य

२०१० सालीं जपानमधील नागोया येथें सर्व राष्ट्रांनीं मिळून पुढील दहा वर्षांसाठीं २० उद्दिष्टें ठरविलीं. त्या प्रांताच्या नांवावरून त्यांना ‘आइची उद्दिष्टें’ म्हणतात. त्यांतील सतरावें उद्दिष्ट असें होतें कीं, २०१५ पर्यंत प्रत्येक राष्ट्रानें आपला आराखडा नवा करून अंमलांत आणावा. मुदतींत तें थोड्यांनाच साधलें. पण मदत चालू राहिली, पाठपुरावा झाला, आणि २०२० च्या मध्यापर्यंत १७० पक्षांचे आराखडे येऊन पोंचले. कार्यक्रमाच्या दृष्टीनें ही कामगिरी लहान नव्हे.

पण त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत दशकाचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हां असें आढळून आलें कीं, २० उद्दिष्टांपैकीं एकहि पूर्णपणें साध्य झालेलें नाहीं. सहा अंशतः साधलीं होतीं. अंदाजपत्रकें १७०, आणि पूर्ण झालेलें काम शून्य! असें कां व्हावें?

एक कारण त्या आढाव्यांतच दिलेलें आहे. राष्ट्रांनीं आपापल्या आराखड्यांत जीं उद्दिष्टें लिहिलीं, त्यांपैकीं चौथ्या हिश्शाहूनहि कमी उद्दिष्टें जागतिक उद्दिष्टांशीं नीट जुळत होतीं. वाड्याच्या बैठकींत सर्वांनीं एक ठरविलें, आणि घरीं जाऊन प्रत्येकानें सोयीचें तेवढें लिहिलें. दुसरें कारण याहून खोल आहे. बहुतेक देशांत हा आराखडा पर्यावरण खात्याच्या एका दालनांत तयार होतो. पण जंगल तुटतें तें रस्त्यांच्या खात्यामुळें, पाणथळ जागा बुजतात त्या नगररचनेमुळें, बियाणें नाहींसें होतें तें शेतीखात्याच्या धोरणामुळें, आणि पैसा असतो तो अर्थखात्याकडे. हीं खातीं बैठकीला येत नाहींत, आलीं तर धाकटा अधिकारी पाठवितात. मग अहवालांत लिहावयास उरतें काय, तर इतक्या कार्यशाळा झाल्या, इतकीं पुस्तकें छापलीं. पाणथळींत पक्षी वाढले कीं घटले, तो रकाना कोराच राहतो.

आपल्या घरचा अनुभव

परदेशाचीं उदाहरणें कशाला? २००० सालीं भारत सरकारच्या पर्यावरण व वन मंत्रालयानें याच आंतरराष्ट्रीय निधीच्या साह्यानें राष्ट्रीय आराखड्याचें काम हातीं घेतलें. पैसा विकास कार्यक्रमामार्फत आला, आणि तांत्रिक सूत्रें ‘कल्पवृक्ष’ या संस्थेकडे सोंपविण्यांत आलीं. १९७९ सालीं दिल्लींतील तरुण विद्यार्थ्यांच्या चळवळींतून निघालेल्या या संस्थेचें कार्यालय पुण्यास आहे. श्री. आशीष कोठारी हे या कामाच्या मार्गदर्शक मंडळाचे प्रमुख होते.

दिल्लींत बसून चार तज्ज्ञांनीं ग्रंथ लिहावा, हा सोपा मार्ग त्यांनीं सोडला. राज्यांचे, जिल्ह्यांचे, एकाहून अधिक राज्यांत पसरलेल्या निसर्गप्रदेशांचे व निरनिराळ्या विषयांचे मिळून सत्तरांहून अधिक आराखडे तयार झाले, आणि त्यांतून राष्ट्रीय आराखडा गुंफण्यांत आला. सभा झाल्या, जत्रा भरल्या. त्या वेळच्या आंध्र प्रदेशांतील मेदक जिल्ह्यांत शेतकरी स्त्रियांनीं बैलगाड्या सजवून, त्यांत आपल्या शेतांतील ज्वारी-बाजरीचें व कडधान्यांचें बियाणें मांडून, गांवोगांव यात्रा नेली. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनींहि आपल्या आराखड्यांत काय असावें हें सांगितलें. असा प्रयोग जगांत फार थोड्या ठिकाणीं झाला असेल.

आणि शेवट? तयार झालेला मसुदा मंत्रालयानें स्वीकारला नाहीं. २००५ सालीं ‘कल्पवृक्ष’नें तो आपल्या जबाबदारीवर प्रसिद्ध केला. सरकारनें मान्य केलेला राष्ट्रीय कृति-आराखडा निघाला तो २००८ सालीं. कामाचा आरंभ धरला तर आठ वर्षें गेलीं.

या घटनेंत कोणाचा दोष किती, हें ठरविण्याचें हें स्थळ नव्हे. पण तिच्यांतील धडा स्पष्ट आहे. केवळ सरकारनें लिहिलेला आराखडा कपाटांत राहतो, कारण लोकांना त्याचा पत्ता नसतो. केवळ लोकांनीं लिहिलेला आराखडाहि कपाटांतच जाण्याची भीति असते, कारण तिजोरीवर बसलेल्यांना तो आपला वाटत नाहीं. सून मन लावून रांधते, पण बाजारहाटाचे पैसे ज्याच्या हातीं आहेत त्यास विचारलेलेंच नाहीं, अशी ती गत होते. दोन्ही हात पहिल्या दिवसापासून एका कामाला लागलेले असावेत, हें पाहणें बाहेरच्या मदतनिसाचें पहिलें कर्तव्य आहे. कागद किती आले, हें त्याचें यश मोजण्याचें माप नव्हे.

नवी वही

झालेल्या चुकांवरून जग कांहींच शिकलें नाहीं असें मात्र नाहीं. १९ डिसेंबर २०२२ रोजीं माँट्रियल येथें नवी चौकट मंजूर झाली. तींत २०३० पर्यंतचीं २३ उद्दिष्टें आहेत. या वेळीं सर्वांनीं अहवालांत कांहीं समान मापें वापरावींत असें ठरलें. आजवर एक बिऱ्हाड शेरांत मोजी, दुसरें पायलींत. बेरीज व्हावी कशी? २०३० पर्यंत सर्व बाजूंनीं मिळून वर्षाला २०० अब्ज डॉलर उभे करण्याचेंहि उद्दिष्ट त्यांत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्यें कोलंबियांतील काली येथें परिषद भरली, तेव्हां भारतानें आपला नवा आराखडा तेथें सादर केला. पण ती परिषद उठली तेव्हां १९६ पैकीं केवळ ४४ पक्षांचे सुधारलेले आराखडे आलेले होते. वही नवी, संवय जुनी.

आपल्या देशांत या हिशेबाचें मूळ पान गांवांत लिहिलें जावें, अशी कायद्यानेंच योजना केली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक ग्रामपंचायतींत व नगरपालिकेंत जैवविविधता समिति असावयाची, व तिनें लोकांच्या मदतीनें आपल्या गांवची नोंदवही लिहावयाची. या वहीची कल्पना रुजविण्यांत आपले डॉ. माधव गाडगीळ यांचा मोठा वांटा आहे. पुढें बराच काळ वह्या थोड्याच झाल्या. मग हरित लवादानें तगादा लावला आणि अल्पावधींत वह्यांची संख्या अडीच लाखांवर गेली. एवढ्या वेगानें लिहिलेल्या वह्यांपैकीं कित्येक गांवच्या जाणत्यांना न विचारतांच भरल्या गेल्या, अशी तक्रार जाणकार करतात. न्यूयॉर्कच्या दप्तरांतील दुखणें तें गांवच्या चावडींतहि येऊन पोंचलें, एवढाच याचा अर्थ.

यावर उपाय महाग नाहीं. आपल्या पंचायतीची किंवा नगरपालिकेची नोंदवही आहे कीं नाहीं, असल्यास तींत काय लिहिलें आहे, हें वाचकांपैकीं प्रत्येकास विचारतां येईल. आणि घरांत ऐंशींच्या घरांतील आजी असतील, तर त्यांच्या माहेरच्या शेतांत कोणतें भात पिकत होतें, बाळंतिणीला कोणत्या पाल्याचा शेक देत, ओढ्याला कोणते मासे चढत, हें त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घ्यावें व समितीच्या हवालीं करावें. हें पान उद्यां लिहूं म्हटलें, तर सांगणारें माणूस उद्यां असेलच असें नाहीं. आजींजवळ बसून तें भरून घेणें मात्र आपल्या हातचें आहे.