ती स्ट्रिप कोणाची?

शनिवारी लोअर परळच्या ऑफिसातून सुटले की मी लालबागला मावशीकडे जाते. वाटेत मेडिकलमधून काकांची औषधं घ्यायची, हे ठरलेलं. ब्लडप्रेशरची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, डायपर... आणि यादीच्या शेवटी, मावशीच्या अक्षरात, ‘माझी ती छोटी’. दोन वर्षं मी ती छोटी आणत होते. तिचं नाव एकदाही वाचलं नव्हतं. (नव्या मोबाइलचे रिव्ह्यू मात्र तासन्‌तास वाचते!)

ती होती अल्प्राझोलम. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर काकांना हॉस्पिटलमधून घरी आणलं, तेव्हा मावशीची झोपच उडाली होती. डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी गोळी लिहून दिली. ते दहा दिवस चार वर्षं चालले आणि एकीच्या दोन झाल्या. “अगं, व्यसन कसलं? डॉक्टरनेच दिलीय ना!” इति मावशी.

मग एका रात्री काका एकटेच उठले आणि मोरीच्या उंबऱ्यावर पडले. चाळीतली एवढीशी खोली, मावशी दोन हातांवर झोपलेली. शेजाऱ्यांनी दार वाजवलं तेव्हा कुठे तिला जाग आली. काकांचं खुब्याचं हाड थोडक्यात वाचलं. मावशी अजून त्या रात्रीबद्दल बोलत नाही.

घरोघरी पेशंटच्या गोळ्यांचा डबा असतो, सोमवार ते रविवार कप्पे पाडलेला. सांभाळणाऱ्याची स्ट्रिप मात्र पर्समध्ये, नाहीतर देव्हाऱ्याच्या खणात. ती कोण मोजणार? आणि आपला हिशेबही गमतीशीर आहे. प्यायला तर बेवडा, गोळी घेतली तर बिचारी.

माझ्या गिरगावातल्या मैत्रिणीचे बाबा आईला अल्झायमर झाल्यापासून रोज ती झोपली की क्वार्टर उघडतात. बँकेतून रिटायर झालेला साधा माणूस. आरडाओरडा नाही, भांडण नाही, त्यामुळे घरात कोणी विषयच काढत नाही. हल्ली पाठदुखीसाठी ते वर एक गोळीही घेतात. कसली, हे मैत्रिणीलाही माहीत नाही. मी विचारलं तेव्हा ती गप्पच झाली.

वय वाढलं की शरीर ही औषधं हळू बाहेर टाकतं. डायझेपामसारखी गोळी तर कित्येक दिवस रेंगाळते. तोल जातो, विसरायला होतं आणि आपण म्हणतो, ‘वय झालं!’ त्यात दारू पडली की दोन्ही मिळून श्वासच मंदावू शकतात.

कायदा आहे बरं का. 2014 पासून अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल ही औषधं ‘शेड्यूल एच-1’मध्ये आहेत. प्रिस्क्रिप्शन हवं, दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव लिहायला हवं, ते रजिस्टर तीन वर्षं जपायला हवं. मला दोन वर्षांत कोणी काही विचारलं नाही. मीही ‘ओळखीचं दुकान’ म्हणून खुशच होते.

हे कळल्यावर मी हिरोगिरी करून स्ट्रिप लपवून ठेवणार होते. बरं झालं, आधी विचारलं. बरीच वर्षं घेतलेली ही गोळी एका झटक्यात थांबवली तर हातपाय थरथरतात, झोप पार जाते, फिटही येऊ शकते. रोजच्या दारूचंही तसंच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची. परळला केईएममध्ये मानसोपचार विभाग आहे. नुसतं बोलायचं असेल तर ‘टेलिमानस’ची 14416 ही हेल्पलाइन 2022 पासून सुरू आहे, मराठीतही. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेलं ‘मुक्तांगण’ आहेच. पण मावशीला ते नाव सुचवलं असतं तर तिने मला जिन्यावरून ढकललं असतं!

डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न गोळीचा नाही, झोपेचा विचारला. “रात्री किती वेळा उठता?” चार. “तुमच्या जागी कोणी उठतं का?” मावशी माझ्याकडे बघायला लागली.

आता शनिवारची रात्र माझी. काकांना दोनदा बाथरूमला न्यायचं, कूस बदलायची. मावशी शेजारणीकडे झोपते. पाऊण गोळीवर आलीय. सुरीने तुकडे करते आणि उरलेला पाव मला दाखवून डबीत टाकते.